शाळेचा दाखला ते पहिला पगार

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)



आपल्या अंकाच्या मराठी विभागात कविता असतात, ट्रेकची वर्णनं असतात आणि मेसच्या जेवणावरचा एक विनोदी लेख तर ठरलेलाच असतो. या वेळी मी जरा कोरडा वाटेल असा विषय घेतला आहे. दिव्यांग मुलगा किंवा मुलगी शाळेतून बाहेर पडल्यावर कामाला कशी लागते, बऱ्याचदा का लागत नाही, आणि त्यात आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलांना काय करता येईल, हा तो विषय. लेख वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं असा माझा अजिबात हेतू नाही. या विषयात दया दाखवण्यापेक्षा डोकं चालवण्याला जास्त वाव आहे, आणि ते काम आपलं आहे.

विषय आमच्या घरातला आहे. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत माझा एक चुलत भाऊ आहे, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. शिक्षणासाठी तो लहानपणीच घर सोडून निवासी शाळेत गेला, दहावी झाला, दाखला घेऊन परत आला. त्यानंतरची तीन वर्षं त्याने भातलावणी, म्हशी आणि मोबाईल यांत काढली. अंगात ताकद होती, हातात कला होती. सायकलपासून स्टोव्हपर्यंत सगळं उघडून बसवायचा. पण कामाचा विषय निघाला की तात्या म्हणायचे, "आरं, त्येला ऐकू न्हाय येत, त्येला कोण कामावर घील?" हा प्रश्न तात्यांनी कंटाळून विचारला होता, पण मला तो खरा प्रश्न वाटला. कोण घेईल, कुठे घेईल, आणि घेण्यासाठी आधी काय झालेलं असायला हवं? त्याचं उत्तर शोधताना जे समजलं ते इथे मांडतो.

१. आधी थोडी व्याख्या

अपंगत्व म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कुबडी किंवा काळा चष्मा येतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याची जागा घेणारा 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आले. अंधत्व, अंशतः अंधत्व, कर्णबधिरत्व, चलनविषयक अपंगत्व हे तर आहेतच. शिवाय बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले पीडित हेही आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रमाणपत्र असेल तर आरक्षणासारखे लाभ मिळतात.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यात महाराष्ट्रातल्या व्यक्ती साडेएकोणतीस लाखांच्या वर होत्या. देशातल्या या सगळ्यांत काही ना काही काम करणारे शंभरात साधारण ३६ होते. या शंभरात लहान मुलं आणि म्हातारी माणसंही धरलेली आहेत हे खरं. पण पुरुष आणि स्त्रिया वेगळे केले तर पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट भरतं. म्हणजे मुलगी असेल तर अडथळाही दुप्पट.

२. दरी नेमकी कुठे आहे?

शाळा आहे आणि काम पण आहे, मग मधे अडतं कुठे? मला पाच जागा दिसल्या.

पहिली जागा भाषेची. 'रामाने श्यामला मारले' आणि 'रामाला श्यामने मारले' यातला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तो कानावर पडून पडून बसलेला असतो. जन्मतः कर्णबधिर मुलाला प्रत्येक प्रत्यय डोळ्याने शिकावा लागतो. त्यामुळे दहावी पास झालेला मुलगासुद्धा साधा अर्ज लिहिताना अडखळतो, आणि समोरचा समजतो की याला अक्कल कमी आहे. शाळेत खुणांची भाषा असते, पण वाडीत ती येणारा दुसरा कुणी नसतो.

दुसरी जागा सवलतींची. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलती कायद्याने मान्य केलेल्या आहेत आणि त्या हव्यातच. पण काही प्रकारच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची मुभा असते. ती घेतली की दहावी सोपी जाते आणि पुढे तांत्रिक शिक्षणात तेच सुटलेलं गणित आडवं येतं. कुठली सवलत घ्यायची हे आठवी-नववीत ठरतं, आणि पुढे काय करायचं याचा विचार दहावीचा निकाल लागल्यावर सुरू होतो. क्रम उलटा झाला.

तिसरी जागा कागदांची. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि 'स्वावलंबन' पोर्टलवरून निघणारं यूडीआयडी कार्ड नसेल तर शिष्यवृत्ती, आरक्षण, एसटीतली ७५ टक्के सवलत यांतलं काहीच मिळत नाही. आमच्याकडच्या माणसाला जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय म्हणजे साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. हेळवाक-कोयनानगरकडून निघालं की जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि सोबत जाणाऱ्या माणसाची मजुरीही बुडते. एखादा कागद कमी पडला की दुसरी खेप. तिसऱ्या खेपेला बरीच घरं नाद सोडून देतात.

चौथी जागा प्रवासाची. निवासी शाळेत वाढलेल्या मुलाने एकट्याने एसटी पकडलेली नसते, सुट्टे मोजलेले नसतात, चुकीच्या थांब्यावर उतरल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नसतं. काम येत असूनही कामावर पोचता येत नाही.

पाचवी जागा घरच्या भीतीची. मशीनवर हात गेला तर? कुणी फसवलं तर? त्यात निराधार योजनेतून मिळणाऱ्या मानधनाला उत्पन्नाची अट असते. तेव्हा चार महिन्यांच्या कच्च्या नोकरीसाठी हक्काचे पैसे घालवायचे का, हा हिशेब घरचे करतात, आणि तो मूर्खपणाचा हिशेब नाही.

या पाचही जागा जोडून बघितल्या तर एक गोष्ट लक्षात येते. शाळेची जबाबदारी दाखल्याबरोबर संपते आणि मालकाची जबाबदारी हजेरीपत्रकावर नाव लागल्यावर सुरू होते. या दोन तारखांच्या मधल्या काळाला वालीच नाही. अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात मूल १६ वर्षांचं होण्याआधी त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात 'शाळेनंतर काय' हे लिहावंच लागतं. कुठलं काम, कुठलं प्रशिक्षण, कुठे राहणार, कसा जाणार-येणार, सगळं. आपल्याकडे हे काम आई-बापाच्या धावपळीवर किंवा एखाद्या कळवळ्याच्या बाईंवर सोडलेलं आहे.

३. कायदा काय देतो?

हे हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला पाठ असावं, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या गावात असं एखादं तरी घर असतं.

- ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क.
- सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट.
- सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण. यात दृष्टी, श्रवण आणि चलन या गटांना प्रत्येकी १ टक्का. आणि उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. १९९५ च्या कायद्यात हे आरक्षण ३ टक्के होतं आणि त्यात हा चौथा गट नव्हताच.
- नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढून टाकता येत नाही.
- खाजगी कंपन्यांवर आरक्षणाची सक्ती नाही; पण प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे.
- डिप्लोमा-डिग्रीच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एआयसीटीईची 'सक्षम' शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार रुपये.
- स्वतःचा धंदा करायचा असेल तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत कर्ज.

या कायद्यात एक शब्द फार महत्त्वाचा आहे. मराठीत त्याला 'वाजवी सोयी-सुविधा' म्हणता येईल. मालकाला अवाजवी बोजा पडणार नाही इतपत बदल कामाच्या जागी करून द्यायचे, म्हणजे ती व्यक्ती बाकीच्यांच्या बरोबरीने काम करू शकेल. आता 'इतपत बदल' म्हणजे नेमका कुठला बदल, हे कायदा सांगत नाही. ते जागेवर उभं राहून बघावं लागतं. इथून पुढे वकिलाचं काम संपतं आणि इंजिनिअरचं सुरू होतं.

४. काम मोडून बघणे

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरला 'थर्ब्लिग'वर टीप लिहून आपण मार्क घेतो. गिल्ब्रेथ हे नाव उलटं लिहून हा शब्द तयार झाला हेही आपल्याला पाठ असतं. पण फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या नवरा-बायकोंनी हीच पद्धत पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी वापरली, आणि १९२० मध्ये त्यावर पुस्तकही काढलं, हे आपल्या नोट्समध्ये नसतं. पद्धत सोपी. कामाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कुठला अवयव लागतो ते लिहायचं, आणि मग तो तुकडा दुसऱ्या अवयवाने किंवा एखाद्या जिगने करता येतो का ते बघायचं.

हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यातल्या कामांची अशीच यादी करून घेतली होती. १९२२ साली आलेल्या त्याच्या आत्मकथनात आकडे दिले आहेत. एकूण ७,८८२ प्रकारची कामं. त्यांतली ६७० कामं दोन्ही पाय नसलेल्याला जमण्यासारखी, २,६३७ एक पाय असलेल्याला, ७१५ एक हात असलेल्याला, २ दोन्ही हात नसलेल्याला आणि १० अंध माणसाला. बेरीज केली तर ४,०३४. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकारच्या कामांना धडधाकट शरीर लागतच नव्हतं. हे संगणक येण्याआधीचं चित्र. आज अंध माणसासाठी १० चा आकडा कुठल्या कुठे गेला असता.

आता माझ्या भावाची गोष्ट पूर्ण करतो. कराडजवळ गेट, ग्रील, शेडचे सांगाडे करणारं एक वर्कशॉप आहे. ओळखीतून मी त्या मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "मुलगा चांगला दिसतोय, पण मागून कुणी 'बाजूला हो' म्हणून ओरडलं तर याला कळणार कसं?" प्रश्न अगदी रास्त होता. मग आम्ही दोघांनी एका रविवारी बसून कामाची यादी केली. पाईप मोजणे, खूण करणे, कापणे, ग्राइंडरने कडा मारणे, टॅक मारणे, पूर्ण वेल्ड करणे, रंग देणे. प्रत्येकापुढे लिहिलं, इथे कान लागतो का? मोजणे, खूण, टॅक, रंग यांना बिलकुल नाही. वेल्डिंगमध्ये अनुभवी माणूस आर्कच्या आवाजावरून अंदाज घेतो, पण वितळलेल्या धातूकडे बघूनही तो घेता येतो. ग्राइंडरचं चाक बिघडलं तर आवाज बदलतो. तसा हाताला लागणारा थरकापही बदलतो, फक्त तो ओळखायला शिकवावं लागतं. कान खरोखर लागत होता तो एकाच ठिकाणी, चेन ब्लॉकवरून माल हलवताना.

उपाय काय केला? त्याची जागा भिंतीला पाठ येईल अशी ठरवली, म्हणजे मागून काही येणारच नाही. समोर उंचावर एक लाल दिवा लावला. त्याचं बटण चेन ब्लॉकच्या खांबावर. माल उचलण्याआधी बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की त्याने हातातलं काम थांबवून बघायचं. ऑर्डर तोंडी सांगायची नाही, स्केच काढून मापं लिहून द्यायची. शेजारच्या कारागिराला वीस-पंचवीस खुणा शिकवल्या. सगळा खर्च दोन पिशव्या सिमेंटच्या आत बसला. पहिले पंधरा दिवस त्याच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी दिवसाआड येऊन थांबायचे, मग आठवड्यातून एकदा, मग फक्त फोन.

स्केचची पद्धत पुढे मालकांनी सगळ्याच कामगारांना लावली, कारण तोंडी सांगितलेल्या मापांचा घोळ तिथे सगळ्यांचाच होत होता. भाऊ आज टॅकिंग आणि पूर्ण वेल्डिंग दोन्ही करतो. पहिल्या पगारातून त्याने जरा बरा स्मार्टफोन घेतला, कारण शाळेतल्या मित्रांशी खुणांनी बोलायला व्हिडिओ कॉल लागतो.

त्या गुरुजींनी जे केलं त्याला इंग्रजी पुस्तकांत नाव आहे, मराठीत आपण 'कामावरचा सोबती' म्हणू. जुनी पद्धत अशी की आधी वर्षानुवर्षं प्रशिक्षण द्यायचं आणि 'तयार' झाल्यावर काम शोधायचं. अनेक जण कधीच 'तयार' होत नाहीत आणि मेणबत्त्या-खडू करत कर्मशाळेतच राहतात. नवी पद्धत उलटी आहे. आधी खऱ्या कामावर ठेवा, तिथेच शिकवा, सोबतीला माणूस द्या आणि तो माणूस हळूहळू मागे घ्या. अमेरिकेत १९८० च्या दशकात ही पद्धत रुजली आणि १९८६ मध्ये तिथल्या कायद्यात आली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना तर हिचा विशेष उपयोग होतो, कारण एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी नेऊन वापरणं त्यांना अवघड जातं. जिथे काम करायचं तिथेच शिकवलं की तो प्रश्नच येत नाही.

५. आपल्या भागातली माणसं

उदाहरणं लांबची शोधायला नकोत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई विभागात जवान होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली जायबंदी झाले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. हे चित्रपटामुळे आता सगळ्यांना माहीत आहे. पण पदकानंतर ते पुण्याला टेल्कोत नोकरी करत होते, हा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पदक एका दिवसाचं, नोकरी रोजची.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी तर आपल्याच शाखेचा, मेकॅनिकल इंजिनिअर. शाळेत असताना सायकलवरून पडून त्याचा हात कायमचा अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्याने रौप्यपदक घेतलं. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना तो शिकवतही आला आहे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली पक्षाघात झाला. बाबूकाका दिवाण या चाकाच्या खुर्चीतूनच धंदा करणाऱ्या माणसाची गाठ पडली आणि त्यांना उभारी आली. त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. या संस्थेचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी वसतिगृह, मग धडधाकट आणि अपंग मुलं एकत्र शिकतील अशी शाळा, आणि मग सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' हा काजू प्रक्रियेचा प्रकल्प. राहणं, शिकणं आणि कमावणं या तिन्ही गोष्टी एका साखळीत आल्या. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आपल्या लायब्ररीने जरूर मागवावं.

आणि जिद्द असूनही दार कसं अडतं याचं उदाहरण प्रांजल पाटील यांचं. उल्हासनगरच्या, लहानपणीच दृष्टी गेलेली. २०१५ च्या यूपीएससीत ७७३ वा क्रमांक आला. रेल्वेची लेखा सेवा मिळाली आणि पूर्ण अंधत्वाचं कारण दाखवून रेल्वेने नेमणूक नाकारली. हिशेबाचं काम स्क्रीन रीडरवर होत नाही असं गृहीत धरलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला, आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. गंमत बघा, ज्या माणसाला हिशेबाचं टेबल नाकारलं, त्याच माणसाने पुढे महसुलाचा कारभार पाहिला.

मात्र एक सांगतो. ही नावं सांगून आपण घरातल्या मुलाला 'बघ, तू पण असं कर' म्हणतो, ते बरोबर नाही. धडधाकट मुलाला नोकरीसाठी ऑलिंपिक पदक लागत नाही. मग दिव्यांग मुलाकडून का मागायचं? साधी नोकरी साध्या माणसाला मिळाली पाहिजे.

६. मोजपट्टी घेऊन बघू

आता जरा आपलं अंगण बघू. रॅम्पचा चढ १ ला १२ पेक्षा जास्त असू नये हा सर्वमान्य नियम. एखाद्या इमारतीला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या आहेत. उंची झाली ४५ सेंटिमीटर. रॅम्पची लांबी किती? ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेंटिमीटर, जवळजवळ साडेपाच मीटर. बऱ्याच ठिकाणी जागा नाही म्हणून दोन मीटरचा रॅम्प करतात. त्याचा चढ साधारण १ ला साडेचार येतो. त्यावरून मोटारसायकल चढते, चाकाची खुर्ची उलटते. कागदावर मात्र 'रॅम्प आहे' असं लागतं.

दुसरं, आपल्या नोट्स. अंध विद्यार्थी संगणक ऐकून वापरतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून बनवायला घेतला. पण पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ त्याला वाचता येत नाही, आणि जुन्या बिगर-यूनिकोड मराठी फाँटमधला मजकूर तो अगम्य अक्षरांत वाचतो. तोच मजकूर यूनिकोडमध्ये टाईप केला की काम झालं. खर्च शून्य.

तिसरं, मोजणी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दहा-दहा नट पाकिटात भरायचे आहेत, पण दहा मोजणं चुकतं. मोजायला शिकवण्यात दोन वर्षं घालवायची, की दहा खाच्यांचा ट्रे करून द्यायचा? खाचे भरले की पाकिटात ओतायचं. आपण याला 'पोका-योके' म्हणून पाच मार्कांना लिहितो. वर्कशॉपमध्ये एका दुपारचं काम आहे.

७. आपण काय करू शकतो?

एनएसएसच्या यादीत वृक्षारोपण आणि रक्तदान असतंच. त्यात पुढच्या चार गोष्टी घालाव्यात असं मला वाटतं.

एक: जवळच्या विशेष शाळेतल्या आणि साध्या शाळांतल्याही आठवी-नववीच्या दिव्यांग मुलांना वर्षातून दोनदा आपल्या वर्कशॉपमध्ये आणायचं. सोल्डरिंग, ड्रिलिंग, कॅड लॅब सगळं हाताने करू द्यायचं. आपल्याला काय आवडतं हे दहावीआधी कळलं की सवलत कुठली घ्यायची हेही नीट ठरतं.

दोन: सुट्टीत गावी गेल्यावर यूडीआयडीचा अर्ज भरून द्यायचा. आधार, फोटो, जुने वैद्यकीय कागद आधीच नीट स्कॅन करून लावले, तारीख बघून पाठवलं, की साताऱ्याच्या तीन खेपांची एक होते.

तीन: अंध मुलांच्या अभ्यासाला आवाज द्यायचा. दहावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे आपण लेखनिक होऊ शकत नाही. पण लेखनिकाची आणि त्या मुलाची जोडी बसवून सराव घेऊ शकतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. ती कशी वापरायची हाही सरावाचा भाग आहे. आकृती शब्दांत कशी सांगायची, हे तर आपल्यालाही शिकायला मिळेल.

चार: शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. दरवर्षी कुणी तरी 'अंधांसाठी स्मार्ट काठी' करतं, प्रदर्शनात बक्षीस घेतं आणि ती काठी कपाटात जाते, कारण करण्याआधी कुठल्याही अंध माणसाला विचारलेलं नसतं. त्यापेक्षा एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन एका माणसाचं एक काम मोडून बघा. एक हात असलेल्याला ड्रिल करताना जॉब धरायला पायाने दाबायचा क्लॅम्प, कर्णबधिरासाठी दिवा, मोजणीचा ट्रे. छोटं असेल, पण दुसऱ्या दिवशी वापरात असेल. गाईड सरांनी अशा प्रोजेक्टला परवानगी द्यावी ही नम्र विनंती.

आमच्या वाडीत आता एक मुलगी नववीला आहे. तिला फळ्यावरचं दिसत नाही, पुस्तक डोळ्याला लावून वाचते, आणि गणितात वर्गात पहिली असते. तिच्या घरी सध्या एकच चर्चा आहे, दहावीला गणित ठेवायचं की नाही. मी तिच्या वडिलांना म्हटलंय, "काका, दिवाळीपर्यंत थांबा." तोपर्यंत तिचं पुस्तक मोठ्या अक्षरात छापून द्यायचं आहे, फोनचा कॅमेरा भिंग म्हणून कसा वापरायचा ते शिकवायचं आहे आणि एकदा तिला आपल्या कॅड लॅबमध्ये आणून मोठ्या स्क्रीनपुढे बसवायचं आहे. मग ती स्वतः ठरवेल. या कामाला माझ्याबरोबर अजून दोघे जण हवे आहेत. दर दुसरा रविवार द्यावा लागेल, एसटीचं भाडं आपलं आपण, आणि जेवण मात्र आमच्या घरी.